मिनिटापर्यंत जन्मवेळ, पुढे कोरं पान

आपल्याकडे मुलाच्या आयुष्यातली एक गोष्ट घरोघर मिनिटापर्यंत लिहून ठेवली जाते, ती म्हणजे जन्मवेळ. पत्रिका करायची असते, म्हणून दवाखान्याच्या भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले होते ते आजोबा खिशातल्या कागदावर टिपून घेतात. त्यानंतर मूल हसतं, पालथं पडतं, पहिला शब्द बोलतं. यातलं काहीच कुठे लिहिलेलं नसतं. लसीच्या तारखा तेवढ्या कार्डावर असतात, त्याही नर्सबाईंनी लिहिलेल्या.

राजारामपुरीच्या गल्ल्यांमध्ये आज ज्या घरात दोन वर्षांचं मूल आहे, त्या घरातल्या फोनमध्ये त्याचे हजारभर फोटो सहज निघतील. म्हणजे नोंद भरपूर आहे, असं वाटतं. पण हे मूल वीस वर्षांचं झाल्यावर त्या हजार फोटोंतून त्याला काय कळेल, हा प्रश्न विचारला तर उत्तर फारसं चांगलं नाही. फोटोत त्याला स्वतःचा चेहरा दिसेल. कोणाच्या मांडीवर बसलो होतो, का रडत होतो, ‘पाणी’ला काय म्हणत होतो आणि त्या शब्दावर घरात सगळे किती दिवस हसत होते, यातलं काही फोटोत येत नाही. ते घरातल्यांच्या बोलण्यात असतं आणि बोलणारी माणसं कायमची नसतात.

हा प्रश्न निव्वळ हौसेचा नाही. बहुतेक प्रौढांची सर्वांत जुनी आठवण साधारण तीन ते साडेतीन वर्षांच्या वयातली असते. त्याआधीचं जवळपास काहीच आठवत नाही. याला बालविस्मृती म्हणतात. लहान मुलांना लक्षात राहतच नाही, असा याचा अर्थ नव्हे. अडीच वर्षांचं मूल गेल्या महिन्यातली जोतिबाची यात्रा व्यवस्थित सांगतं, ‘गुलाल डोळ्यात गेला’ हेही सांगतं. ती आठवण तेव्हा असते, पुढे ती हाताला लागत नाही. मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात लहानपणी नव्या पेशी झपाट्याने तयार होतात आणि त्या गडबडीत जुन्या आठवणींची जुळणी मोडते, असं दाखवणारे प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाले. ते उंदरांवरचे आणि त्यांच्यासारख्या लहान प्राण्यांवरचे होते, एवढं लक्षात ठेवायला हवं. भाषा पुरती आलेली नसणं, ‘मी’ नावाची गोष्ट अजून पक्की झालेली नसणं, ही कारणंही त्यात मिसळलेली आहेत.

ही आठवण नक्की कधी निसटते, याचा एक छान अभ्यास अमेरिकेत अटलांटाच्या एमरी विद्यापीठात झाला. पॅट्रिशिया बाउअर आणि मरीना लार्किना यांनी तीन वर्षांच्या मुलांना आईबरोबर नुकत्याच घडलेल्या प्रसंगांवर बोलतं केलं आणि ते रेकॉर्ड करून ठेवलं. पुढे वेगवेगळ्या वयात त्याच मुलांना तेच प्रसंग विचारले. पाच ते सात वर्षांच्या मुलांना साठ टक्क्यांहून अधिक प्रसंग आठवत होते. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना चाळीस टक्केही नाहीत. म्हणजे आठवणींची गळती बाळपणात होत नाही. ती होते मूल दुसरी-तिसरीत असताना, ज्या वयात घरातल्या बोलण्याचा विषय ‘गृहपाठ झाला का’ एवढाच उरलेला असतो.

याच अभ्यासातली दुसरी गोष्ट जास्त कामाची आहे. ज्या आया मुलाच्या मागे मागे गेल्या, ‘मग काय झालं, अजून सांग’ म्हणत राहिल्या, मूल भलतीकडे वळलं तरी वळू देत राहिल्या, त्यांच्या मुलांना नंतर जास्त आठवलं. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठातल्या संशोधकांनाही असंच आढळलं होतं. लहानपणी आई ज्यांच्याशी झालेल्या गोष्टींबद्दल ऐसपैस बोलायची, त्या मुलांची किशोरवयात सांगितलेली सर्वांत जुनी आठवण अधिक लहान वयातली होती. त्याच देशातल्या माओरी लोकांची पहिली आठवण सरासरीने तीन वर्षांच्याही आधीची निघते. माओरी घरांमध्ये कुळाच्या, जन्माच्या, गेलेल्या माणसांच्या गोष्टी सतत सांगितल्या जातात, हे त्यामागचं कारण असावं असं संशोधक मानतात. आठवण डोक्यात आपोआप टिकत नाही, ती बोलून टिकवावी लागते, हे यातून पुरेसं स्पष्ट होतं.

आपल्या घरांत हे बोलणं होतं, नाही असं नाही. पण ते बरेचदा चौकशीसारखं असतं. ‘काल कुठे गेलो होतो आपण? रंकाळ्यावर. काय खाल्लं? भेळ. कुणी घेऊन दिली? मामाने ना?’ प्रश्न मोठ्यांचे आणि उत्तरंही मोठ्यांचीच. मुलाने फक्त मान हलवायची. रंकाळ्यावर त्याला भेळ महत्त्वाची वाटलीच नसेल, एका काकांच्या हातातून सुटून गेलेला फुगा आठवत असेल. नोंद करायची तर त्या फुग्याची करायला हवी.

चार्ल्स डार्विनने हेच केलं होतं. १८३९ च्या डिसेंबरात त्याला पहिला मुलगा झाला आणि त्याने वही घातली. मूल कशाला दचकलं, केव्हा रागावलं, आरशातल्या स्वतःकडे बघून काय केलं, हे तो तारखेनिशी लिहीत गेला. या वहीवरून त्याने लेख प्रसिद्ध केला तो १८७७ साली, म्हणजे ३७ वर्षांनी. वहीत ‘फार गोड दिसत होता’ छापाची वाक्यं लिहिली असती, तर इतक्या वर्षांनी तिचा कुणालाच उपयोग झाला नसता.

वैद्यकीय उपयोग तर रोजचाच आहे. मुलाला झटके येतात अशी शंका असेल तर बालरोगतज्ज्ञ आईला म्हणतात, पुढच्या वेळी मोबाइलवर काढून आणा. दवाखान्यात मूल शांत बसलेलं असतं, नेमकं काय होतं ते शब्दांत सांगता येत नाही, आणि अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीने निदानाची दिशा ठरते. १९९४ साली अमेरिकेत ज्युली ऑस्टरलिंग आणि जेराल्डिन डॉसन यांनी पहिल्या वाढदिवसाच्या घरगुती व्हिडिओ टेप गोळा केल्या. त्यांतली ११ मुलं पुढे स्वमग्न असल्याचं निदान झालेली होती आणि ११ तशी नव्हती. केक कापतानाच्या त्या टेपमध्ये मूल नावाने हाक मारल्यावर वळतं का, समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघतं का, बोटाने दाखवतं का, यात फरक दिसत होता. टेप काढणाऱ्या बापाने नुसता वाढदिवस टिपला होता.

अंगणवाडीत मिळणारं माता-बाल संरक्षण कार्डही असंच. त्यावर वजनाचा रंगीत पट्ट्यांचा तक्ता असतो, मूल कोणत्या महिन्यात काय करायला लागतं याची चित्रं असतात. लसी संपल्या की बहुतेक घरांत हे कार्ड रेशनकार्डाच्या फाइलीत मागे सरकतं आणि एखाद्या दिवाळीच्या साफसफाईत जातं. घरातल्या सगळ्या फोटोंपेक्षा हे कार्ड जपून ठेवण्यासारखं आहे.

बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी कोल्हापुरातच कॅमेरा तयार केला आणि त्यावर चित्रपट काढले. अशा गावाला फोटोचं वेड असणं साहजिक आहे. इथल्या जुन्या घरांत पोटावर पालथ्या घातलेल्या, डोळ्यांत काजळ भरलेल्या बाळाचा स्टुडिओतला एक तरी काळा-पांढरा फोटो हमखास सापडतो. गंमत अशी, की त्या एका फोटोबद्दल घरातली आजी अर्धा तास बोलू शकते आणि फोनमधल्या हजार फोटोंबद्दल कुणालाच काही बोलता येत नाही. फोटो काढल्याने काढणाऱ्याचं लक्षात राहणं कमी होतं, असं लिंडा हेंकेल यांनी २०१४ साली एका संग्रहालयात केलेल्या प्रयोगात दाखवलं होतं. कॅमेऱ्याने पाहिलं म्हणजे आपण पाहिलं, असं मन धरून चालतं. बारशाला, बोरन्हाणाला, शाळेच्या स्नेहसंमेलनात हात वर करून उभे राहिलेले पालक पाहिले की हा प्रयोग पटायला वेळ लागत नाही.

फोटो खोटंही बोलू शकतो. २००२ साली किंबर्ली वेड आणि सहकाऱ्यांनी वीस प्रौढांना त्यांच्या लहानपणचे फोटो दाखवले. त्यातला एक बनावट होता: गरम हवेच्या फुग्यातून उडतानाचा, जो प्रसंग कधी घडलाच नव्हता. तीन भेटींनंतर निम्म्या लोकांना तो थोडाफार तरी ‘आठवायला’ लागला. आता तर असा फोटो तयार करायला अभ्यासकही लागत नाही, फोनच करून देतो. म्हणून फोटोवर तारीख, जागा आणि माणसांची नावं हवीत. छापील फोटोच्या मागे बॉलपेनने खोदून न लिहिता मऊ पेन्सिलीने लिहावं. आणि आई म्हणते ताप आला होता, आजी म्हणते दात येत होते, तर दोन्ही लिहावं. घरातले मतभेद मिटवून एकच गुळगुळीत गोष्ट तयार करण्याची काही गरज नाही.

यापेक्षा मोठा धोका शिक्क्यांचा. ‘ही लहानपणापासून हट्टी’, ‘हा पहिल्यापासून भित्रा’. घरात हे इतक्या वेळा सांगितलं जातं, की मुलाला स्वतःच्या बालपणाची तेवढीच ओळख उरते. हट्टी लिहू नये. कशासाठी हट्ट केला, ते लिहावं. बऱ्याचदा मुलीचं म्हणणं बरोबर होतं असं नंतर वाचताना लक्षात येतं. तसंच आंघोळीचे, रडण्याचे, चड्डी ओली झाल्याचे व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर जाण्याचं काही कारण नाही. ती नोंद मुलाची आहे. बारा वर्षांचं झाल्यावर ते लाजेल अशी गोष्ट चाळीस जणांच्या फोनमध्ये ठेवण्याचा हक्क आईबापांनाही नाही.

कागद आणि फोन दोन्ही किती कच्चे आहेत, हे कोल्हापूरला वेगळं सांगायला नको. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं, २०२१ च्या जुलैत पुन्हा तीच वेळ आली. पूर ओसरल्यावर लोकांनी उन्हात वाळत घातलेल्या सामानात अल्बमही होते, एकमेकांना चिकटून लगदा झालेले. ओले छापील फोटो स्वच्छ पाण्यात हलकेच धुऊन, एकमेकांना न चिकटवता सावलीत वाळवले तर बरेचसे वाचतात. चिकटलेले कोरडे झाल्यावर ओढून सोडवायला गेलं, की चेहराच निघून येतो. ज्यांचं घर उंचावर आहे, त्यांच्याकडे निदान एक प्रत ठेवायला हवी. राजारामपुरीत मावशी राहत असेल तर तिच्या कपाटात एक डबा ठेवायला ती नाही म्हणणार नाही.

आणि २०२१ मध्ये केवळ पूरच आला नव्हता. करोनाच्या दुसऱ्या लाटेत ज्या मुलांचे वडील किंवा आई गेली, त्यांतली दोन वर्षांची मुलं आता शाळेत आहेत. बालविस्मृतीचं विज्ञान त्यांच्या बाबतीत फार निष्ठुर आहे. बाबांचा हात, आवाज, अंगावर घेऊन गॅलरीत फिरणं, यातलं काही स्वतःहून आठवण्याची शक्यता जवळजवळ नाही, आणि जे थोडंफार उरलं असेल ते याच वयात निसटतंय. घरातले मोठे अजूनही विषय टाळतात. मूल रडेल म्हणून, आणि खरं तर स्वतःला रडू येईल म्हणून. न बोलण्याने मुलाचं दुःख कमी होत नाही, त्याच्याकडचे वडील मात्र कमी होतात. काका, मित्र, ऑफिसातले सहकारी, शेजारी यांना प्रत्येकी दहा मिनिटं फोनसमोर बसवून ‘तो कसा होता, एक प्रसंग सांगा’ एवढंच विचारायचं. गोष्ट भारी असायची गरज नाही. चहात साखर किती घ्यायचा, मॅच हरल्यावर कुणावर चिडायचा, मुलीला कुठल्या लाडक्या नावाने हाक मारायचा, हे पुरे. मुलाला ऐकवायचं की नाही आणि केव्हा, ते त्याच्याकडे बघून ठरवता येईल. सांगणारे मात्र आत्ताच गाठायला हवेत.

त्या माणसाचा स्वतःचा आवाजही बहुधा कुठेतरी आहे. ‘येताना दूध आणतो’ असं म्हणणारा सात सेकंदांचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप कुणाच्या तरी जुन्या फोनमध्ये पडून असेल. दसऱ्या-दिवाळीला तो फोन बदलून नवा घेण्याआधी तेवढा उतरवून दोन ठिकाणी ठेवावा.