मशवरा कसा करावा?

आज भिवंडी-मालेगावच्या व्यापाऱ्याचे पैसे मोबाईलवरून येतात-जातात. लाईन तुटली की सौदा अडतो. ती तुटल्याची खबर यंत्रांना चटकन लागावी म्हणून ‘बीएफडी’ नावाची पद्धत आहे. दोन यंत्रे एकमेकांना सतत छोटे निरोप धाडतात. ठरलेल्या संख्येइतके निरोप लागोपाठ चुकले की रस्ता बंद असे समजतात. याचे नियम आयईटीएफ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या एका गटाने केले. ते जून २०१० मध्ये प्रसिद्ध झाले.

आम्हाला कौतुक आहे ते असे गट चालविण्याच्या रीतीचे. तेथे सदस्य-फी नाही, मतदान नाही. स्पर्धक कंपन्यांची माणसे एकत्र बसतात. अध्यक्ष नुसते हात मोजत नाही. एकट्याच्या हरकतीलाही मुद्देसूद उत्तर मिळाले की नाही, हे पाहतो. उत्तर मिळाल्यावर मात्र एकाच्या हट्टापायी काम थांबत नाही. सभेतला कौल लेखी चर्चेत पुन्हा तपासतात, म्हणजे गैरहजर माणसालाही बोलता येते. निर्णय पटला नाही तर वर दाद मागता येते.

आपल्या व्यापारी संघटनांत काय होते? बडे शेठ बोलले की ठराव मंजूर! छोटा कारागीर गप्प बसतो, पुढच्या सभेला येत नाही. लाईन तुटल्याची हीच खूण, पण ती कोणी पाहत नाही. मशवऱ्याचा हुकूम तर कुरआन शरीफमध्येच आहे. संघटनांनी ठराव आधी लेखी वाटावा, पंधरा दिवस हरकती घ्याव्यात आणि प्रत्येक हरकतीचे उत्तर इतिवृत्तात नोंदवावे. येत्या वार्षिक सभेपासून ही सुरुवात व्हावी, अशी आमची पदाधिकाऱ्यांना विनंती आहे.