मामी कुठल्या देशाच्या?

सरकार तुम्हाला ओळखतं की नाही, हे काम कुणाचं आहे यावर ठरतं. घरपट्टी थकली की सरकारला तुमचं नाव, बापाचं नाव, आळीचं नाव, सगळं तोंडपाठ असतं. पण तुम्ही एखादा कागद मागायला गेलात की तेच सरकार चष्मा पुसत विचारतं, "आपण कोण?"

आमच्या मामींना तर याच्याही पुढचा प्रश्न आला. आपण कुठल्या देशाच्या?

मामी मुळशीच्या. जन्म 1952 चा. माहेर धरणाच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या वाडीत, सासर खाली पौडच्या बाजूला. लांबचा प्रवास म्हणजे पंढरपूर. आता लेक आयर्लंडात, तिचे दिवस भरत आलेले, तेव्हा बाळंतपणाला जाणं आलं. पासपोर्टसाठी कागद जमवले तर शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधार कार्डावर सासरचं. लग्नानंतर बाईचं नाव बदलतं ही बातमी ज्या कचेरीला नवीन होती (तिचं नाव सांगत नाही, उगाच आणखी एक कागद लागायचा), तिथल्या साहेबांनी फर्मावलं, "वय, अधिवास आणि राष्ट्रीयत्वाचा दाखला आणा."

"मंग मी काय चीनची हाय व्हय?" मामींनी विचारलं. साहेब म्हणाले, "तसं लिहून आणा."

आता कायदा बघा. 1955 चा नागरिकत्व कायदा म्हणतो, 26 जानेवारी 1950 पासून 1 जुलै 1987 च्या आधीपर्यंत जो भारतात जन्मला, तो जन्मानेच नागरिक. अपवाद दोन. बाप किंवा आई परदेशी वकिलातीतली असली तर, किंवा बाप वा आई शत्रुराष्ट्राची आणि जन्म शत्रूने व्यापलेल्या मुलखात झाला तर. मामींचे वडील आंबेमोहोर लावत. त्यांना कुठल्या राष्ट्राने राजदूत नेमल्याचं ऐकिवात नाही. आणि 1952 साली मुळशी शत्रूच्या ताब्यात नव्हती. खेकड्यांच्या असेल.

पुढची गंमत ऐका. बाहेरून येऊन अर्ज करून जो नागरिक होतो, त्याला सरकार शिक्क्यानिशी प्रमाणपत्र देतं. जो जन्मापासून इथलाच, त्याला असा कागद कुणी आपण होऊन देत नाही. कलम 13 खाली केंद्र सरकार देऊ शकतं, पण कुणाला? ज्याच्या नागरिकत्वाबद्दल शंका आहे त्याला! म्हणजे मामींनी आधी रीतसर संशयित व्हायचं.

आणि हे विचारायचं कुणाला, तर मुळशीच्या माणसाला! 16 एप्रिल 1921 ला, रामनवमीच्या दिवशी, टाटांच्या धरणाविरुद्ध इथे सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट त्याचे पुढारी. माणसं तुरुंगात गेली, जमिनी पाण्याखाली गेल्या आणि वीज मुंबईला गेली. मामींच्या आजोबांची खाचरं अजून त्या तळ्याच्या तळाशी आहेत. ती घेताना सरकारला मालकाचं नाव बिनचूक सापडलं होतं. राष्ट्रीयत्वाचा दाखला कुणी मागितला नाही!

तुम्ही म्हणाल, आता लोकसेवा हक्क कायदा आहे. आहे की, 2015 पासून आहे. मुदतीत काम न करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड आहे. पण कारकून कायद्यापेक्षा जुना. मुदत संपत आली की तो अर्जात 'त्रुटी' काढतो आणि अर्ज परत करतो. फोटोत कान दिसत नाही. कान दाखवला तर रहिवासाचा पुरावा पुरेसा नाही. मामी म्हणाल्या, "बाबा, पायाचा चिखल बघ की!"

पासपोर्ट एक वेळ तत्काल मिळतो, तत्काल दाखल्याची सोय मला कुणी दाखवली नाही. बाळंतपण मात्र उपजतच तत्काल.

माझं म्हणणं असं, की शंका ज्याची, हेलपाटे त्याचे. फेरफार, मतदारयादी, शिधापत्रिकेची नोंद, सगळी दप्तरं सरकारच्याच कपाटात आहेत. शंका आली तर साहेबांनी उठावं आणि कपाट उघडावं. सत्तरी ओलांडलेल्या बाईने मुळशीतून एसटीचे धक्के खात, त्यांच्याच कपाटातला कागद त्यांच्याच टेबलावर कशासाठी आणून ठेवायचा?

दाखला आला, तेव्हा नातू सव्वा महिन्याचा झाला होता. मामींच्या गावाचं नाव त्यात चुकलंय. दुरुस्तीचा अर्ज करायचाय, सोबत राष्ट्रीयत्वाचा पुरावा जोडून.