ग्रीक पंडितांनी अर्ध्यावर सोडलेला प्रश्न

प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञानाचा अभ्यास करीत असता माझ्या विद्यार्थी मनात जे विचार आले, ते नवदीक्षित बौद्ध कुटुंबांपुढे ठेवावेत असे वाटते. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या परक्या पंडितांशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो निकटचा आहे.

इ. स. पूर्व सहाव्या शतकात, आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरील मिलेटस नगरीत थेलीस हा विचारवंत होऊन गेला. समुद्रदेव कोपला म्हणजे धरणी कापते, अशी तेव्हा लोकांची समजूत होती. थेलीस म्हणाला, पृथ्वी पाण्यावर तरंगते आणि पाणी हालले की ती हादरते. उत्तर चुकले, परंतु देवाच्या कोपाऐवजी निसर्गात कारण शोधण्याची दिशा चुकली नाही. त्याचा शिष्य मानला जाणारा अनॅक्झिमँडर याने गुरूचे मत बाजूस सारून, पृथ्वी कोणत्याही आधारावाचून स्थिर आहे असे प्रतिपादिले. गुरूचे वचन तपासणे हा गुरुद्रोह नव्हे. भगवान बुद्धांनी केसपुत्त येथे कालामांना हाच उपदेश केला होता: परंपरा आहे, ग्रंथात आहे किंवा गुरू सांगतो, एवढ्यावरून काहीही स्वीकारू नका.

परंतु निसर्गाला प्रश्न विचारणाऱ्या या समाजात गुलामगिरी निर्वेध चालू होती. इ. स. पूर्व पाचव्या शतकात अँटिफॉनने लिहिले की, ग्रीक आणि परके जन्मतः सारखेच आहेत; सर्वजण नाकातोंडानेच श्वास घेतात. तथापि पुढच्याच शतकात अ‍ॅरिस्टॉटलने काही माणसे निसर्गतःच गुलाम असतात असा सिद्धांत मांडला. प्राणिमात्रांचे इतके सूक्ष्म निरीक्षण करणारा हा महापंडित, घरात राबणाऱ्या माणसाच्या बेडीपाशी येताच निसर्गाची साक्ष काढू लागला! देवाच्या जागी निसर्ग आला. बेडी मात्र तीच राहिली. त्याचा गुरू प्लेटो याने समाजाचे तीन वर्ग कल्पिले होते. माणसांचे अनंत वैविध्य अशा मोजक्या कप्प्यांत कोंबता येत नाही, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली जातिनिर्मूलनावरील प्रबंधात चातुर्वर्ण्याचा समाचार घेताना दाखवून दिले.

यातून मी एकच बोध घेतला. बुद्धी आकाशापर्यंत पोहोचली, पण शेजारच्या माणसापर्यंत पोहोचली नाही, तर ती अपुरी होय. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात झालेल्या धर्मांतराने आपल्याला जुन्या देवांपासून मुक्त केले. परंतु देव्हारा रिकामा झाल्यावरही सोयरीक जमविताना पोटजात विचारली जात असेल, मुलाला शंका विचारण्याची मुभा आणि मुलीला गप्प बसण्याची ताकीद मिळत असेल, तर आपणही तो प्रश्न अर्ध्यावरच सोडला असे म्हणावे लागेल. बंधुभगिनींनो, तो पुरा करण्याचा आरंभ आपल्याच उंबरठ्याच्या आत झाला पाहिजे.