उथळ पाण्याची बाजू

उन्हाळ्यात मामाच्या गावी गेलो की पहिली धाव तलावाकडे. त्याला सगळे 'मामा तलाव' म्हणायचे आणि मला कित्येक वर्षं वाटायचं, हा आपल्या मामाचाच. माजी मालगुजारी तलाव या सरकारी नावाचं ते लघुरूप आहे, हे वरच्या वर्गात गेल्यावर कळलं. तोवर त्या पाण्यावर माझा हक्क बसून गेला होता. तो अजून उतरलेला नाही.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूरचा पूर्वेकडचा भाग मिळून असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव आहेत. त्यातले बरेचसे तीनेकशे वर्षांपूर्वी गोंड राजांच्या आश्रयाने कोहळी समाजाने बांधले. रचना अगदी साधी. उतारावरून येणाऱ्या पाण्यापुढे मातीची एक पाळ, पाणी सोडायला पाळीत तुडूम, जादा पाणी निघून जायला एका अंगाला सांडवा. बाकी बाजूंना काहीच बांधायचं नाही. जमीन चढेल तसं पाणी पसरत जातं. पाळीजवळ दोन पुरुष खोल, मग कमरेइतकं, टोंगळ्याइतकं, घोट्याइतकं आणि शेवटी जंगलाच्या कडेला नुसता चिखल.

आज मला लिहायचं आहे ते त्या घोट्या-टोंगळ्याइतक्या पाण्याबद्दल.

मराठीत उथळ हा शब्द कुणी चांगल्या अर्थाने वापरत नाही. उथळ माणूस, उथळ बोलणं. उथळ पाण्याला खळखळाट फार, हे तर शाळेतच पाठ होतं. पण तलावाचा संसार चालतो तो त्याच्या उथळ कडेवर. तिथे ऊन तळापर्यंत पोचतं, म्हणून पाण्याखाली चिला वाढतो, काठाला गाद आणि देवधान उगवतं, कमळाची पानं पसरतात. माशांची अंडी त्या पाल्याला चिकटून राहतात. पिल्लांना बारीक खाणं तिथेच मिळतं आणि लपायला जागाही तिथेच. पानांवर लांबलांब बोटं टाकत कमळपक्षी चालतो. लांब शेपटीच्या कमळपक्ष्यात अंडी उबवण्याचं काम नर करतो आणि घरटं म्हणजे पानांवर ठेवलेल्या चार काड्या. पाळीजवळच्या खोल पाण्यात यातलं काही घडत नाही.

मरळीची पिल्लं मी पहिल्यांदा बघितली ती या कडेलाच. मामाने खांद्याला धरून थांबवलं आणि पाण्याकडे बोट केलं. गवताच्या दोन ठोंबांमध्ये ताटाएवढ्या जागेत पाणी तांबूस दिसत होतं, उकळल्यासारखं हलत होतं. बारीक बारीक शेकडो पिल्लं, सगळी वर येऊन हवा घेत होती आणि पुन्हा आत जात होती. त्यांच्याखाली एक काळी सावली स्थिर होती. मरळ पिल्लांना सोडून जात नाही. नर-मादी दोघं राखण करतात. "आता हिला गळ लावायचा नाही," मामा हळूच म्हणाला, जणू ती ऐकत होती.

पावसाने तलाव भरला की सांडव्यावरून पाणी पडू लागतं आणि त्या धारेवर मासे चढतात. ओढ्यातून तलावात, तलावातून वरच्या उथळ पाण्यात, तिथून थेट धानाच्या बांध्यांमध्ये. पऱ्हे उपटणाऱ्या बायकांच्या पायांना मासोळ्या लागतात. मागूर, शिंगी, वाम यांना ही वाट आणि हे थोडं पाणी मिळालं की त्यांचं बीज कुणाला विकत आणावं लागत नाही.

विकत आणावं लागतं ते रोहू, कटला आणि मृगळ यांचं. हे नद्यांचे मासे. साठलेल्या तलावात ते वाढतात, पण तिथे अंडी घालत नाहीत. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात हिरालाल चौधुरी यांनी इंजेक्शन देऊन कार्प जातीच्या माशांचं प्रजनन करून दाखवलं आणि पुढे हे बीज देशभर मिळू लागलं. तो शोध मोठाच आहे. त्याने लाखो ताटांत मासा आला आणि मला त्याचं मोल कमी करायचं नाही. पण गावच्या तलावात दरसाल बीज टाकायचं आणि दरसाल काढून विकायचं, एवढाच हिशेब उरला, तेव्हा आपोआप वाढणारा मासा त्या हिशेबातून गेला. त्यात बाहेरदेशचा गवत्या आला, तो पाण्यातला पाला खातो. सायप्रिनस आला, तो तळ उकरतो. पाला गेला, अंडी चिकटायची जागा गेली. मोकळ्या झालेल्या काठावर बेशरमाचं झुडूप माजलं.

त्याआधी 1951 साली मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, गेली आणि तलाव सरकारजमा झाले. मालगुजारी जायलाच हवी होती. पण तलावाची राखण ही गावाची रीत होती. गाळ कधी काढायचा, पाणी कधी सोडायचं, हे गावात ठरायचं. ती रीत कागदावर कुणाच्याच नावे चढली नाही.

मामाच्या तलावाची दुरुस्ती काही वर्षांपूर्वी झाली. कोणत्या योजनेतून, कोणत्या ठेक्यात, ते इथे सांगत नाही, कारण त्या लोकांनी मुद्दाम वाईट केलं असं मला वाटत नाही. त्यांना घनमीटर मोजायचे होते. यंत्रं आली, उथळ कड खरवडून सरळ भिंतीसारखी कापली, माती काठावर रचली. साठा वाढला, हे खरं. सांडवा सिमेंटचा झाला, पुरुषभर उंच आणि गुळगुळीत. त्यावर आता कोणता मासा चढणार? पुढच्या पावसाळ्यात मामा छत्री घेऊन सांडव्याशी उभा होता. खाली डोहात मासे उड्या मारत होते आणि भिंतीला आपटून परत पडत होते. फोनवर हे सांगताना त्याचा आवाज बसला होता.

तलाव म्हणजे हौद नाही, हे ज्यांना पोटातून कळलं ते लोक याच भागात आहेत. मनीष राजनकर यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने अर्जुनी मोरगाव तालुक्यात धीवर समाजाबरोबर वर्षानुवर्षं हे काम केलं. शास्त्र त्यांनी धीवरांच्या तोंडून ऐकून घेतलं. कोणता मासा कोणत्या वनस्पतीपाशी राहतो, काय खातो, कुठे अंडी घालतो. मग उन्हाळ्यात पाणी ओसरलं की बायकांनी बेशरम मुळासकट उपटायचा, उघडा पडलेला तळ नांगरायचा आणि पावसात स्थानिक पाणवनस्पती आणून लावायच्या. रोवणीच की ही, फक्त धानाच्या जागी माशांसाठी.

त्या तालुक्यातल्या एका तलावावर मी गेलो होतो. कमरेला पदर खोचलेली एक बाई चिखलात वाकून गादीचे कंद दाबत होती. अंगठ्याने भोक, कंद आत, वरून मूठभर चिखल, पुन्हा एक पाऊल मागे. हाताला कोपरापर्यंत काळा गाळ. मी विचारलं, एवढं पाणी असताना हे कशाला? ती मान वर न करता म्हणाली, "भाऊ, पानी त हाये, पन मच्छीले घर पायजे का नाही?"

तेच कंद सारसही उकरून खातो. महाराष्ट्रात सारस उरला तो मुख्यतः गोंदियात, आणि गेल्या काही वर्षांच्या मोजणीत तिथला आकडा चाळिशीच्याही खाली आहे. माणसाइतका उंच हा पक्षी घरटं घालतो ते धानाच्या बांधीत नाहीतर तलावाच्या उथळ पाण्यात, काड्यागवताचा ढीग रचून. त्याच्यासाठी आराखडे झाले, न्यायालयानेही लक्ष घातलं. आराखड्यात खोली आणि साठा यांचे रकाने असतात. तलावाची निदान एक बाजू उतरती ठेवायची आणि सांडव्याला माशांना चढता येईल असा दगडी उतार द्यायचा, एवढे दोन रकाने त्यात वाढवायला किती खर्च येईल? मी हे जिथे जातो तिथे विचारतो आणि विचारत राहणार आहे.

मामाच्या तलावाचा एक कोपरा वाचला आहे. जंगलाकडचा. तिथे चिखलात यंत्र फसलं, दोन दिवस निघेना, म्हणून तेवढी जागा सोडून दिली. गेल्या पावसाळ्यात मामाने तिथे बाहेरून आणून चिला टाकला, गाद लावली. वय झालंय, वाकवत नाही, म्हणून नातवाला हाताशी घेतलं. सांडव्याखालच्या डोहातले थोडे मासे बादलीने वर आणून सोडले. चार दिवस रोज चार-पाच खेपा.

श्रावणात त्याचा फोन आला. म्हणाला, नीघ आणि ये, पाणी तांबूस दिसतंय.