बाळाला रमवायचे कोणी?

मे महिन्याची सुटी जवळ आली की शहरोशहरी शिबिरांच्या पाट्या लागतात. पोहणे, चित्रकला, नाट्य, गिर्यारोहण, संस्कारवर्ग अशा नाना मार्गांनी शाळकरी मुलांची सोय लावली जाते. ज्याला अद्याप बोलता येत नाही, धड उभे राहता येत नाही आणि सुटी म्हणजे काय हेही ज्याला ठाऊक नाही, असा घरातला सर्वांत धाकटा सभासद मात्र या बेतांतून वगळला जातो. वास्तविक सुटीत पंचाईत होते ती त्याचीच. रोजचा क्रम मोडतो, पाळणाघर काही दिवस बंद राहते, सांभाळणारी बाई आपल्या गावी जाते आणि बाहेर असे ऊन असते की सकाळी दहानंतर मुलाला अंगणातही नेण्याची सोय राहत नाही. अशा वेळी सहा-आठ महिन्यांच्या मुलाला दोन खोल्यांच्या घरात दिवसभर रमवायचे कसे, हा प्रश्न घरोघरी उभा राहतो. तो वरवर पाहता किरकोळ आणि बायकांनी आपसांत बोलून सोडवावा असा वाटतो. तो तसा नाही, आणि म्हणूनच त्याची येथे जाहीर चर्चा करावयाची आहे.

पहिली गोष्ट अशी की, 'मनोरंजन' हा शब्दच या बाबतीत फसवा आहे. प्रौढ माणूस कामातून सुटका म्हणून मनोरंजन शोधतो. तान्ह्या मुलाला कामही नसते आणि सुटकाही नको असते. त्याच्या जागेपणाचा सारा वेळ एकाच उद्योगात जातो, तो म्हणजे भोवतालच्या जगाची ओळख करून घेणे. जन्मानंतरच्या दिवसांत त्याला साधारण २० ते ३० सेंटिमीटर अंतरावरचे त्यातल्या त्यात नीट दिसते. कुशीत घेणाऱ्या माणसाचा चेहरा दिसावा, एवढेच ते अंतर असते. पुढे हाताला लागेल ती वस्तू ते तोंडात घालते, कारण त्या वयात ओठ आणि जीभ हीच त्याची पारखण्याची साधने असतात. आठ-नऊ महिन्यांच्या सुमारास रुमालाखाली झाकलेली वाटी ते रुमाल ओढून शोधू लागते. नजरेआड झालेली वस्तू नाहीशी होत नाही, ही जाण मुलात हळूहळू येते, असे स्विस मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनी स्वतःच्या मुलांचे बारकाईने निरीक्षण करून मांडले. आपल्याकडच्या आज्या पिढ्यान् पिढ्या पदराआड तोंड लपवून 'कुऽक' करीत आल्या, त्यासाठी त्यांना पियाजे वाचावा लागला नाही. परंतु त्या खेळाने मूल एवढे का खदखदते, याचा उलगडा मात्र अशा अभ्यासांमुळे झाला. वर्षाचे मूल हातातला चमचा वीस वेळा खाली टाकते, तेव्हा आपण त्याला खोडी म्हणतो. ते मात्र चमचा कोठे पडतो, आवाज कसा होतो आणि उचलून देणाऱ्याचा चेहरा कसा बदलतो, याची पुनःपुन्हा खात्री करून घेत असते.

हे ध्यानात घेतले तर सुटीतल्या खरेदीची निम्मी यादी आपोआप गळून पडेल. पितळी वाटी, लाकडी पळी, झाकण घट्ट बसवलेला डबा, चाळणी, सुती फडके एवढ्या वस्तूंवर मूल तासभर रमते. पाळण्यावरचे चिमणाळे, खुळखुळा, पांगुळगाडा, सावंतवाडीची रंगीत लाकडी खेळणी ही आपली जुनी सामग्रीही साधीच होती. पांगुळगाडा ढकलताना मूल स्वतःच्या पायांवर उभे असते. आता घरोघरी दिसणाऱ्या चाकांच्या वॉकरमध्ये मूल टांगल्यासारखे बसते आणि क्षणात जिन्यापर्यंत पोहोचते. अशा अपघातांमुळे कॅनडाने २००४ मध्ये या वॉकरच्या विक्रीवर बंदीच घातली. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले आहे. विकत घ्यावयाचेच तर ते चिन्ह पाहून घ्यावे. मात्र चिन्ह नसलेल्या घरातल्या वस्तूंची पारख आपणच करावी लागते. शेंगदाणा, फुटाणा, नाणे, बटण या गोष्टी श्वासनलिकेत अडकू शकतात. घड्याळातली किंवा रिमोटमधली बटणाएवढी बॅटरी गिळली गेली तर अन्ननलिकेला अवघ्या दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते. न्हाणीघरातली भरलेली बादली ही तर रांगत्या मुलासाठी विहीरच होय.

परंतु वस्तू कितीही निवडून ठेवल्या, तरी त्या दुय्यम आहेत. मुलाला रमवितो तो माणूस. १९७५ साली अमेरिकेत एडवर्ड ट्रॉनिक यांनी एक साधा प्रयोग मांडला. आई काही महिन्यांच्या मुलाशी नेहमीप्रमाणे हसत-बोलत असते. मग सांगितल्याप्रमाणे ती दोन-तीन मिनिटे चेहरा निर्विकार ठेवून त्याच्यासमोर नुसती बसून राहते. मूल प्रथम हसून पाहते, हात पुढे करते, आवाज काढते. काहीच उपयोग होत नाही असे दिसल्यावर ते मान फिरविते आणि हिरमुसते. आई समोरच असते, पण तिचा प्रतिसाद नसतो, आणि तेवढ्याने मूल अस्वस्थ होते. आज आपल्या घरांत काय दिसते? मूल चटईवर आहे, शेजारी बाप आहे, काका आहे, मोठी बहीण आहे, आणि प्रत्येकाची मान हातातल्या मोबाइलवर झुकलेली आहे. माणसांनी भरलेल्या घरात मूल एकटे पडते ते असे.

यावर काढलेला सोपा तोडगा म्हणजे तोच मोबाइल मुलापुढे धरणे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत एक वर्षाखालील मुलास पडद्यासमोर अजिबात बसवू नये, असे सांगितले आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला तर दोन वर्षांपर्यंत पडदा नकोच, असा आहे. अपवाद केला आहे तो दूरच्या नातलगांशी अधूनमधून होणाऱ्या व्हिडिओ संभाषणाचा. हा अपवादच पुष्कळ काही सांगून जातो. गावाकडची आजी पडद्यावर असली तरी मुलाने हुंकार दिला की ती हुंकार देते. ते हसले की ती हसते. चित्रफितीतले रंगीत हत्ती-ससे मुलाकडे पाहत नाहीत. मूल गप्प बसले, याचा अर्थ ते रमले असा होत नाही.

येथे लेखणी थोडी आवरली पाहिजे. मोबाइल देणाऱ्या आयांवर तोंडसुख घेण्याची आपल्याकडे मोठी हौस आहे. कुकरच्या शिट्या होत आहेत, दूध उतू जाण्याच्या बेतात आहे, पाहुणे दारात आहेत आणि कडेवरचे मूल आकांत करीत आहे, अशा वेळी एखादीने पाच मिनिटे मोबाइल पुढे केला, तर तिला दोष देणे अन्यायाचे होईल. तिने तो पुढे केला, कारण तिच्या हाकेला दुसरे माणूस आले नाही. म्हणून बाळाला रमवायचे कसे, या प्रश्नाआधी ते कोणी, हे विचारले पाहिजे. तो प्रश्न विचारणे अनेक घरांत गैरसोयीचे ठरते.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातील माणसांची विनामूल्य देखभाल करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी १३४ मिनिटे देतात, तर असे काम करणारे पुरुष ७६ मिनिटे देतात, असे तीत आढळले. स्वयंपाक, झाडलोट आदी घरकामाचे आकडे अनुक्रमे २९९ आणि ९७ मिनिटांचे आहेत. हे पुरुषांचे आकडे त्या त्या दिवशी अशा कामाला हात लावणाऱ्यांचे आहेत. ज्यांनी हात लावलाच नाही, ते या सरासरीत नाहीत. सरकारी नियमांतही हीच समजूत दिसते. २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व रजा २६ आठवड्यांची झाली, ही स्वागतार्हच गोष्ट होती. केंद्र सरकारी पुरुष कर्मचाऱ्याला मिळणारी पितृत्व रजा मात्र पंधरा दिवसांची आहे. २००८ मध्ये केंद्राने स्त्री कर्मचाऱ्यांना बालसंगोपन रजा दिली. ती पुरुषाला मिळू लागली २०१८ मध्ये, आणि तीही तो एकटा पालक असेल तरच. म्हणजे घरात आई असेल तोवर बापाला मूल सांभाळण्याचे कारण नाही, असे नियमांनीही गृहीत धरले आहे.

आईला उसंत नाही आणि बापाला सवय नाही, तेव्हा या ओझ्याला तिसरा वारस सापडतो. तो म्हणजे घरातली दहा-बारा वर्षांची मुलगी. सुटीत भाऊ मैदानावर जातो आणि तिच्या कमरेवर तान्हे मूल येते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ठाणे जिल्ह्यात (आजच्या पालघर जिल्ह्यात) १९४५ पासून बोर्डी आणि पुढे कोसबाड येथे जे काम उभे केले, त्यात हा प्रश्न त्यांच्यासमोर ठळकपणे आला. धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी आदिवासी मुले शाळेला मुकत होती. म्हणून त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकमेकांना जोडून चालविल्या. धाकट्याची सोय झाल्यावाचून थोरल्याचे शिक्षण होत नाही, हे त्यांनी प्रत्यक्ष कृतीने दाखवून दिले. मुलीने बाळाला अर्धा तास गोष्ट सांगावी, त्याच्याशी टाळ्या वाजवाव्यात. त्यात दोघांचेही भले आहे. तिची सबंध सुटीच त्यात खर्ची पडणे वेगळे. ती घरातली भगिनी आहे, बिनपगारी दाई नव्हे.

तेव्हा सुटीत करावयाचे ते काय? उत्तर अवघड नाही. शाळेचे वेळापत्रक लीलया आखणाऱ्या शिक्षकाने आणि कचेरीतल्या कामाची वाटणी बिनचूक करणाऱ्या कारकुनाने घरातल्या दिवसाचीही तशीच वाटणी करावी. सकाळचे दोन तास बापाचे, दुपारचा एक तास महाविद्यालयात जाणाऱ्या काकाचा, संध्याकाळी गच्चीवरचा वेळ आजोबांचा, अशी नावानिशी नेमणूक व्हावी. 'मदत' हा शब्द मात्र त्यातून काढून टाकावा, कारण मदत मर्जीने होते आणि नेमणूक पाळावी लागते. राज्य सरकारी कार्यालयांना फेब्रुवारी २०२० च्या अखेरीपासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. तेव्हा तेथील कर्मचाऱ्याला सुटीची वाट पाहण्याचेही कारण नाही. दर शनिवार त्याच्या हाती आहे.

नेमून दिलेल्या तासात मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा आणि मुलाच्या पातळीवर, म्हणजे जमिनीवर, बसावे. जे मूल अजून सरकत नाही, त्याला जागेपणी दिवसातून थोडे थोडे करून निदान अर्धा तास पालथे खेळू द्यावे, आणि कोणत्याही मुलाला सलग एक तासाहून अधिक वेळ गाडीत किंवा खुर्चीत बांधून ठेवू नये, असे आरोग्य संघटनेच्या त्याच तत्त्वांत म्हटले आहे. हाती घ्याल त्या कामाचे समालोचन करावे: भाजी निवडताना भाजीचे नाव घ्यावे, कपड्याची घडी घालताना तो कोणाचा ते सांगावे. विद्यार्थ्याने आपला धडा मोठ्याने वाचला तरी चालेल. मुलाला अर्थ नको असतो, आवाजातला चढउतार आणि वाचणाऱ्याची नजर हवी असते. मूल तोंड फिरवू लागले, जांभया देऊ लागले, की त्याला पुरे झाले असे समजून थांबावे. मुलाला अखंड हसवीत ठेवणे हेही कोणाचे कर्तव्य नाही. जवळ कोणीतरी असताना आपल्याच बोटांकडे पाहत पडून राहण्याचा त्याला हक्क आहे.

सुटी विश्रांतीसाठी असते आणि वर्षभर राबलेल्या माणसाने तेथेही मूल सांभाळायचे काय, असा आक्षेप घेतला जाईल. त्याला उत्तर एवढेच की, ज्या घरात बायकोही शाळेत शिकविते किंवा कचेरीत जाते, तेथे तिलाही वर्षातून एकदाच ही सुटी मिळते. आणि जी घरीच राबते, तिला तीही मिळत नाही. पुरुषाला हे काम जमत नाही, हा दुसरा आक्षेप. जमत तर पहिल्या दिवशी आईलाही नसते. ती करून शिकते, कारण तिला टाळता येत नाही. मूल रडले की तिच्या हवाली करण्याची वाट बापाला मोकळी असते, आणि तो त्या वाटेने जातो तोवर त्याला ते जमणारही नाही.

बाळाची ही सुटी त्याला आठवणार नाही. पण कोणाच्या कुशीत आपण शांत होतो, कोणाला पाहून हात पसरायचे, हे या दिवसांत ठरत असते, आणि दहा महिन्यांचे मूल पुढच्या मे महिन्यात चालू-बोलू लागलेले असते. जूनमध्ये शाळा-कचेऱ्या पुन्हा सुरू होतील, तेव्हा रडणारे मूल बापाच्या खांद्यावरही शांत होत असेल, तर त्या घराची सुटी सत्कारणी लागली असे म्हणता येईल.