वकील आहे, पण हॅश कोण तपासणार?

मोहल्ल्यातला एखादा पोरगा पोलिसांनी उचलला की पहिला फोन वकिलाला जातो. मग चंदा गोळा होतो, निवेदन तयार होतं, एखादे नेते येऊन फोटो काढून जातात. जप्त झालेल्या मोबाइलबद्दल मात्र कुणी काही विचारत नाही. तो सील केला का? पंचनाम्यात आयएमईआय नंबर आहे का? हॅश कुणी काढली, कधी काढली? मी डिजिटल फॉरेन्सिकमध्ये एमएस्सी करते आहे, आणि आपल्या जमातीचं हे गप्प राहणं मला आता साधेपणा वाटत नाही, बेफिकिरी वाटते.

आम्हाला पहिल्या सत्रात एकच गोष्ट घोटून शिकवतात: मूळ वस्तूला हात लावायचा नाही. हार्ड डिस्क राइट-ब्लॉकरला जोडायची, तिची हुबेहूब प्रत काढायची, दोन्हींची हॅश काढून जुळवायची. हॅश म्हणजे सगळ्या डेटावरून गणिताने काढलेला एक आकडा. लाखभर फाइलींत एक स्वल्पविराम बदलला तरी तो आकडा पूर्ण वेगळा येतो. पुढे ती वस्तू कुणाच्या हातून कुणाच्या हातात गेली, याची अखंड साखळी कागदावर ठेवायची. हदीसची सनद काय असते हे मदरशात शिकलेल्यांना ही कल्पना समजवावी लागणार नाही. मधला एक रावी गायब असेल तर काय होतं, हे त्यांना माहीत आहे.

कायदाही आता हेच मागतो. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. त्या अर्जुन खोतकर प्रकरणात १४ जुलै २०२० रोजी न्यायालयाने सांगितलं, की मूळ उपकरण हजर न करता त्याची प्रत पुरावा म्हणून द्यायची असेल तर कलम ६५ब चं प्रमाणपत्र लागतंच. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्राला दोन भाग आहेत, दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा, आणि त्यात हॅश लिहायची. तो तज्ज्ञ तुमच्यापैकी कुणी का नसावा?

आता रोजच्या गोष्टीकडे या. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात स्टेटसवरून हिंसाचार झाला. अशा प्रकरणांत 'मोबाइलमध्ये आक्षेपार्ह फोटो सापडला' हे वाक्य बातमीत येतं आणि आपणही मान खाली घालतो. पण सापडला म्हणजे काय? व्हॉट्सअॅपचं ऑटो-डाउनलोड चालू असेल तर ग्रुपमध्ये आलेला फोटो न उघडताही फोनमध्ये साठतो. पाठवलेल्या फोटोंचं फोल्डर वेगळं असतं. मेसेज आला की पाठवला, याची नोंद अॅपच्या डेटाबेसमध्ये असते. वेळेची तर आणखी गंमत. फोनमधल्या बऱ्याच नोंदी जागतिक वेळेत असतात. त्यात साडेपाच तास मिळवायला विसरलं की रात्री दोनला झोपलेला माणूस साडेआठला चौकात उभा दिसतो. उलटतपासणीत हे विचारायचं तर आधी कुणीतरी वकिलाला सांगायला हवं. वकील कायदा शिकलेला असतो, डेटाबेस नाही.

भीमा कोरेगाव प्रकरण आठवा. रोना विल्सन यांच्या संगणकाच्या प्रतीची तपासणी बचाव पक्षाच्या विनंतीवरून आर्सेनल कन्सल्टिंगने केली. फेब्रुवारी २०२१ मध्ये बाहेर आलेल्या त्यांच्या अहवालानुसार नेटवायर नावाच्या मालवेअरमधून त्या संगणकात बाहेरून फाइली घुसवल्या होत्या. संगणकावर वर्ड २००७ होतं, आणि काही पत्रं त्याहून नव्या आवृत्तीत बनलेली होती. एनआयएला हे मान्य नाही. तो निकाल न्यायालय देईल. मला टोचतं ते वेगळंच: ही तपासणी करायला अमेरिकेतली कंपनी लागली, आणि आरोपींच्या अटकेला तोवर अडीच वर्षं उलटून गेली होती.

'म्हणजे तू आरोपींना सोडवायला शिकतेस?' हा प्रश्न मला नातेवाइकांनी विचारलाय, वर्गातही विचारला गेलाय. नाही. आपला माणूस दोषी असेल तर हीच हॅश त्याला अडकवेल, आणि अडकवावं. जानेवारी २०२२ मध्ये 'बुल्ली बाई' अॅपवर आपल्या बहिणींचे फोटो लिलावाला टाकले गेले, तेव्हा काही दिवसांत मुंबई आणि दिल्ली पोलिसांनी अटका केल्या. खोट्या नावांमागची माणसं तांत्रिक खुणांवरूनच शोधावी लागतात. त्या वेळी आपण सायबर पोलिसांचं कौतुक केलं. मग त्या खुर्चीत आपली मुलगी बसायला काय हरकत आहे? 'पोलिसांबरोबर लॅबमध्ये काम करणार?' असं कपाळाला आठ्या घालून विचारणाऱ्या चाचांना मी हेच उत्तर देते. (चाचींना ते पटतं.)

शिकण्याची सोय नाही, असं म्हणू नका. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरात सरकारी न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाचं गोव्यात केंद्र आहे. शिकवण्यात खोट आहे, तेही सांगते. बऱ्याच ठिकाणी महागड्या सॉफ्टवेअरचं बटण दाबून अहवाल छापायला शिकवतात, आणि तो आकडा कुठून आला हे विचारलं की शिक्षक घड्याळाकडे पाहतात. म्हणून ऑटोप्सीसारखं फुकट सॉफ्टवेअर घरी उतरवा, जुन्या पेनड्राइव्हवर हात बसवा, फाइल सिस्टीम मुळापासून वाचा. इंग्रजीची भीती वाटत असेल तर एवढंच सांगते, की हेक्सच्या आकड्यांना कुठलीच भाषा नसते.

आणि जमातीच्या ट्रस्टवाल्यांना एक विनंती. यंदा मी भरलेल्या वजिफ्याच्या फॉर्ममध्ये डॉक्टर, इंजिनिअर, वकील, फार्मसी असे रकाने होते. माझा विषय 'इतर'मध्ये गेला, आणि 'इतर'ला रक्कम निम्मी. पुढच्या वर्षीचा फॉर्म छापायला अजून वेळ आहे.