मोटारीला माफी, मालमोटारीला पावती

परंदवडीपासून जवळच असलेल्या उर्से पथकर नाक्यावर मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गाचे खरे स्वरूप दिसते. तळेगाव-चाकणच्या कारखान्यांतील माल घेऊन निघालेले कंटेनर न्हावा-शेवा बंदराकडे याच वाटेने जातात. मावळच्या भातखाचरांवर धूर सोडणाऱ्या या रांगेकडे पर्यावरणाची चिंता वाहणाऱ्या शासनाचे लक्ष सर्वप्रथम जावयास हवे होते. ते गेले मोटारींकडे.

महाराष्ट्राच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणाने द्रुतगती महामार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू येथे विजेवरील मोटारी व बसगाड्यांना पथकरमाफी दिली. मालवाहू वाहने मात्र वगळली. विजेच्या मोटारीत एकटाच बसून लोणावळ्याची चिक्की आणावयास जाणारा गृहस्थ पर्यावरणाचा रक्षक ठरला आणि टनावारी माल वाहणारी विजेची मालमोटार पावतीची धनी झाली! जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या अवजड उद्योग मंत्रालयाने काय सांगितले होते? डिझेलच्या मालमोटारी एकूण वाहनांच्या अवघ्या ३ टक्के. वाहतुकीतील हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात वाटा मात्र ४२ टक्के. म्हणूनच केंद्राने 'पीएम ई-ड्राइव्ह' योजनेत विजेच्या एका मालमोटारीस कमाल ९ लाख ६० हजार रुपयांचे साहाय्य जाहीर केले. केंद्र देणार आणि राज्य नाक्यावर वसूल करणार! दोन्हीकडे एकाच विचाराचे शासन असताना ही विसंगती अधिकच बोचते.

मालवाहतूक हा धंदा आहे, त्याला सवलत कशासाठी, असा युक्तिवाद होईल. तो फसवा आहे. मालावरचा पथकर अखेरीस गृहिणीच्या किराण्याच्या यादीतच उतरतो.

पर्यायी इंधन म्हणजे कोणतेही इंधन नव्हे, हेही स्पष्ट म्हटले पाहिजे. चाकणच्या ब्लू एनर्जी मोटर्सने २०२२ मध्ये द्रवरूप नैसर्गिक वायूवरील मालमोटार आणली. धूर घटला हे खरे. पण देशाला लागणाऱ्या नैसर्गिक वायूचा जवळपास निम्मा भाग आयातच होतो. एका परावलंबनातून दुसऱ्यात जाणे ही स्वदेशी नव्हे. त्याच कंपनीने ऑक्टोबर २०२५ मध्ये बॅटरी बदलून घेता येणारी विजेची मालमोटार आणली, ते पाऊल अधिक मोलाचे.

या मार्गासाठी तर विजेइतके योग्य काहीच नाही. निर्यातीचा भरलेला कंटेनर बोरघाट चढत नाही, उतरतो. लोणावळ्यापासून खोपोलीपर्यंत पाचशे मीटरहून अधिक उतार आहे. डिझेलची गाडी तेथे ब्रेक तापवीत उतरते. विजेच्या गाडीची मोटर उतारावर जनित्र बनून त्याच वेगातली ऊर्जा बॅटरीत परत भरते. आपली वीज अजूनही बरीचशी कोळशाची आहे, हा आक्षेप नाकारण्याचे कारण नाही. पण तो कोळसा मुख्यतः देशातला आहे आणि सौर विजेचा वाटा वाढतो आहे. डिझेलचे तसे नाही. कच्च्या तेलाची ८५ टक्क्यांहून अधिक गरज परदेशातून भागते.

लोणावळा-वळवणचे पाणी १९१५ सालापासून खोपोलीत वीज निर्माण करीत आहे. १९२९ साली मुंबई-पुणे रेल्वे विजेवर घाट चढू लागली. रस्त्यावरच्या मालासाठी आज पथकरमाफीच्या यादीत 'मालवाहू' हा एक शब्द हवा आहे, आणि तो घालण्यास मंत्रालयातून निघणारा एक शासन निर्णय पुरतो.